जुन्या मोबाइलवरचा लहान फोटो आणि भिंतीवरची मोठी प्रिंट

जांभ्याचा_चिरा (धागाकर्ता)

नमस्कार.

राजापूर तालुक्यातले आमचे जुने घर २०११ साली पाडले आणि त्याच जोत्यावर स्लॅबचे नवे घर बांधले. जुन्या घराचा दर्शनी भाग संपूर्ण दिसेल असा एकच फोटो आमच्याकडे आहे. माझ्या चुलतभावाने तो २००७ च्या मे महिन्यात नोकिया एन-७३ या मोबाइलवर काढला होता. खळ्यातले तुळशीवृंदावन, त्यामागे पडवी, वर मंगलोरी कौलांचे छप्पर आणि पडवीच्या कठड्याला टेकून बसलेली आजी, एवढे सगळे त्यात आले आहे. आजी २००९ मध्ये गेली. हा फोटो ३६ × २४ इंच एवढा मोठा करून नव्या घराच्या माजघरात लावावा, असे आम्हां सर्व भावंडांच्या मनात आहे.

अडचण अशी, की दोन ठिकाणी विचारले आणि दोन टोकांची उत्तरे मिळाली. पहिल्या फोटो लॅबमधल्या गृहस्थांनी फाइल उघडून सांगितले, की ती १०२४ × ७६८ पिक्सेलची आणि ७२ डीपीआयची (म्हणजे इंचाला ७२ बिंदूंची) आहे, त्यामुळे ८ × ६ इंचांच्या वर जाऊ नका. दुसऱ्या दुकानदाराने 'एआयने हव्या त्या आकाराची करून देतो' असे म्हणून एक नमुनाही पाठवला. त्यातले घर लखलखीत दिसते, परंतु तो नमुना पाहून आईने 'पडवीत बसलेली ही बाई कोण?' असे विचारले. तेव्हा माझे प्रश्न दोन आहेत. एवढ्या लहान फाइलची प्रिंट खरोखर किती मोठी काढता येते, आणि आजी आजीच राहावी यासाठी काय करावे?

अंधारखोली

आकाराकडे वळण्याआधी ही फाइल तुमच्याकडे कोणत्या वाटेने आली ते तपासा. एन-७३ चा कॅमेरा ३.२ मेगापिक्सेलचा होता आणि त्याचा पूर्ण आकाराचा फोटो २०४८ × १५३६ पिक्सेलचा असतो. तुमची फाइल लांबीला आणि उंचीलाही नेमकी त्याच्या निम्मी आहे, म्हणजे एकूण पिक्सेल एक चतुर्थांशच उरले आहेत. भावाने त्या दिवशी कॅमेरा लहान आकारावर ठेवला असणे शक्य आहे, पण त्या काळच्या मंद इंटरनेटवरून ईमेलने पाठवण्यासाठी कोणीतरी फोटो लहान केला असण्याची शक्यता मला जास्त वाटते. जुने मेमरी कार्ड, अडगळीत पडलेल्या संगणकाची हार्ड डिस्क, त्या वर्षांत लिहून ठेवलेल्या सीडी, हे सगळे धुंडाळा. एका दुपारच्या शोधातून जे मिळेल ते कोणतेही सॉफ्टवेअर देऊ शकणार नाही.

मूळ फाइल सापडली तर ती व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून मागवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवला की ते अ‍ॅप नेहमीच्या दर्जात लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणते आणि जेपेग (फोटो साठवण्याचा नेहमीचा फाइल-प्रकार) नव्याने दाबते. जेपेगमध्ये चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे ठोकळे पाडून प्रत्येक ठोकळ्यातला बारीक तपशील गाळला जातो, आणि फाइल उघडून पुन्हा साठवली की ही गाळणी पुन्हा लागते. मोबाइलच्या पडद्यावर ते ठोकळे जाणवत नाहीत, परंतु तीन फुटी प्रिंटवर आकाशाला फरशी बसवल्यासारखे दिसते. (जर्मन छायाचित्रकार थॉमस रुफ यांनी इंटरनेटवरच्या अशाच फाइली मुद्दाम प्रचंड मोठ्या करून ठोकळे हाच चित्राचा विषय बनवला. माजघरासाठी मात्र तो मार्ग नव्हे.)

'७२ डीपीआय' हे शब्द विसरून जा. ती फाइलमध्ये लिहिलेली एक नोंद आहे आणि तिने चित्रातला एकही पिक्सेल वाढत किंवा घटत नाही. त्याच फाइलवर ३०० लिहिले तरी पिक्सेल १०२४ च राहतात. लॅबवाल्यांचे ८ × ६ हे उत्तर मात्र पिक्सेलांच्या हिशेबाने अगदीच चुकीचे नव्हते, कारण त्या आकारात इंचाला १२८ पिक्सेल येतात आणि हातात धरून पाहायच्या फोटोला त्याहून कमी चालत नाहीत.

गणिती_मावशी

'किती मोठी?' या प्रश्नाचे उत्तर पाहणारा कुठे उभा राहणार यावर ठरते. निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसायचे तर त्यांच्यात साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा कोन लागतो. पूर्ण वर्तुळात २१,६०० कला असतात आणि त्यांना पाय (π) या संख्येच्या दुपटीने भागले की ३४३८ येतात. (आर्यभटाने आपल्या ज्या-सारणीत (साइनच्या कोष्टकात) त्रिज्या ३४३८ घेतली ती याच हिशेबाने.) म्हणून ३४३८ ला इंचांतल्या अंतराने भागावे. जो आकडा येईल तितके पिक्सेल दर इंचाला असले, की त्या अंतरावरून पिक्सेल सुटे ओळखू येत नाहीत.

पुस्तकासारखे १० इंचांवर धरले तर ३४४ येतात, आणि लॅबवाले ज्या ३०० चा आग्रह धरतात तो इथूनच आला आहे. ३ फुटांवर ९५ पुरतात, ६ फुटांवर ४८ आणि १० फुटांवर २९. आता तुमची सध्याची फाइल ३६ इंचांवर ताणली तर इंचाला २८ पिक्सेल येतील, म्हणजे पाहुण्याला दहा फूट लांब उभे करावे लागेल. अंधारखोली म्हणतात ती २०४८ पिक्सेलची फाइल मिळाली तर त्याच आकारात ५७ येतील आणि पाच फुटांवरून काम भागेल. आकार २४ इंचांवर आणला तर ८५ येतात, आणि मग साधारण सव्वातीन फुटांपर्यंत जवळ जाता येईल.

एक सावधगिरी सांगते. पिक्सेल दिसेनासे होणे आणि तपशील दिसणे या निरनिराळ्या गोष्टी आहेत. मोबाइलच्या सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. त्यात लहान भिंगाचा मऊपणा आणि मोबाइलने स्वतःहून केलेली सफाई मिळवली, की ३.२ मेगापिक्सेलमध्ये खरा तपशील त्याहून बराच कमी भरतो.

फ्लेक्स_सांगली

माझा धंदाच फ्लेक्सचा असल्यामुळे मावशींच्या सूत्राला प्रात्यक्षिकाची जोड देतो. चौकातला दहा फुटी फ्लेक्स लोक वीस फुटांवरून पाहतात. २४० इंचांना इंचाला १४ पिक्सेल पुरतात, म्हणजे दहा फुटांच्या रुंदीला १७०० च्या आसपास. वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी कार्यकर्ते व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला १६०० पिक्सेलचा फोटो देतात आणि तो खपून जातो, त्याचे रहस्य एवढेच आहे. २०१५ साली अ‍ॅपलने आयफोन-६ ने काढलेले फोटो शहराशहरांत होर्डिंगवर लावले होते आणि तो कॅमेराही ८ मेगापिक्सेलचाच होता. माजघरात मात्र माणूस फोटोला नाक लावून आपल्या आजीला शोधतो, त्यामुळे चौकातला हिशेब घरात आणू नये.

आमच्या यंत्रावर '१४४० डीपीआय' लिहिलेले असते ते पाहूनही फसू नका. ते शाईचे थेंब आहेत. चित्राच्या एका पिक्सेलचा रंग जुळवण्यासाठी यंत्राला चार-सहा शाईंचे अनेक थेंब टाकावे लागतात, आणि यंत्राचा आकडा कितीही मोठा असला तरी फाइलमध्ये नसलेले कौल त्यातून उमटत नाही.

जांभ्याचा_चिरा

सर्वांचे मनापासून आभार. डोंबिवलीच्या चुलतभावाला फोन केला, त्याने माळ्यावरचे खोके उपसले आणि '२००७ गाव' असे मार्करने लिहिलेली सीडी सापडली! सीडीवरच्या काही फाइली उघडत नाहीत, पण घराचे फोटो उघडले. ते २०४८ × १५३६ चे आहेत. शिवाय एकाऐवजी तीन फोटो निघाले. तिन्ही एकाच जागेवरून काही सेकंदांच्या अंतराने काढलेले दिसतात. एकात आजीने कॅमेऱ्याकडे पाहिले आहे आणि उरलेल्या दोनांत मान वळवली आहे. आमच्याकडे होता तो पहिलाच, फक्त लहान केलेला. आत्याकडे याच फोटोची ६ × ४ ची लॅबमधली प्रत आहे. ती स्कॅन करून अधिक काही मिळेल काय?

अंधारखोली

अभिनंदन. आज रात्रीच सीडीवरचे जे जे उघडते ते दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरवून घ्या. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगद्रव्याचा थर कालांतराने निकामी होतो आणि काही फाइली न उघडणे हे त्याचेच लक्षण असू शकते.

आत्याकडची प्रत जपून ठेवा, पण या कामी तिचा उपयोग नाही. लॅबची यंत्रे साधारण इंचाला ३०० पिक्सेलने छापतात. ६ × ४ मध्ये १८०० × १२०० एवढेच पिक्सेल मावतात आणि हे तुमच्या मूळ फाइलहून कमी आहेत. स्कॅनर १२०० वर ठेवला तर कागदाचा पोत आणि धूळ तेवढी अधिक चांगली दिसेल. रंगांसाठी मात्र ती प्रत समोर ठेवा. जांभ्याचा लाल किती तांबूस होता हे पडद्यापेक्षा ती खरे सांगेल, फक्त ती इतकी वर्षे उन्हात राहिलेली नसावी.

आता आकाराची दुसरी बाजू पाहू. तुमचा फोटो ४:३ या प्रमाणात आहे. ३६ × २४, तसेच लॅबमध्ये सर्रास मिळणारे १२ × १८, १६ × २४ आणि २० × ३० हे सर्व ३:२ आहेत. त्यात बसवताना उंचीचा नववा हिस्सा कापला जातो. वरून कापला तर छपराचा मोभ जाईल आणि खालून कापला तर तुळशीवृंदावनाचा पाया. लॅबला सांगितले नाही तर ते यंत्रावर आपोआप कापले जाते आणि ते कापलेले आपल्याला घरी आल्यावर कळते. २४ × १८ किंवा ३२ × २४ हे आकार ४:३ आहेत, म्हणून त्यांचाच विचार करा.

तीन फोटो निघाले ही या धाग्यातली सर्वांत मोलाची बातमी आहे. फोटो हातात धरून काढले असल्यामुळे प्रत्येक वेळी कॅमेरा किंचित सरकला असणार, आणि घर एका पिक्सेलच्या अपूर्णांकाने वेगळ्या जागी पडले असणार. त्यामुळे प्रत्येक फोटोत घराची थोडी निराळी मोजणी झालेली आहे. तिन्ही फोटो दुप्पट आकाराचे करून एकमेकांवर तंतोतंत बसवायचे आणि त्यांची सरासरी घ्यायची. तीन फोटोंच्या सरासरीत दाणेदारपणा सुमारे ५८ टक्क्यांवर येतो आणि कौलांच्या कडांना थोडा खरा तपशीलही मिळतो. गूगलने २०१८ च्या पिक्सेल-३ या मोबाइलमध्ये हाताच्या नैसर्गिक कंपावर आधारलेले झूम दिले ते याच तत्त्वावर. हे यंत्राने कल्पनेने भरलेले नाही, तुमच्या भावाच्या कॅमेऱ्याने त्या दिवशी खरोखर पाहिलेले आहे. फोटो एकमेकांवर बसवण्यासाठी हगिन हे मोफत सॉफ्टवेअर आहे, आणि फोटोशॉपमध्येही स्तर आपोआप जुळवता येतात. माडाच्या झावळ्या वाऱ्याने हललेल्या असतील आणि आजीची मानही वळलेली आहे, त्यामुळे ते दोन भाग सरासरीतून वगळून पहिल्या फोटोतलेच ठेवा.

पुढचा क्रम असा ठेवा. आधी मूळ आकारातच रंगाचे ठिपके आणि जेपेगचे ठोकळे हलक्या हाताने कमी करा, कारण नंतर तेही चित्राबरोबर मोठे होतात. त्या काळच्या मोबाइलमध्ये फोटोला धार आणण्यासाठी कडांना पांढरी किनार दिली जात असे. आकाशाला लागून असलेल्या कौलांवर ती असेल, ती ब्रशने बुजवा. मग एकाच टप्प्यात आकार वाढवा. दहा-दहा टक्क्यांनी वाढवल्यास चांगले होते असा एक जुना समज आहे, परंतु मी दोन्ही पद्धतींच्या प्रिंट शेजारी ठेवून पाहिल्या आणि मला फरक ओळखता आला नाही. बायक्युबिक किंवा लँकझोस यांपैकी कोणतीही पद्धत घ्या. ती दोन ज्ञात पिक्सेलांच्या मधल्या किमती अंदाजाने भरते, तपशील निर्माण करत नाही, पण पायऱ्यांसारखे कंगोरे घालवते. २४ इंचांसाठी ७२०० × ५४०० पिक्सेलची फाइल तयार करून लॅबला द्या, म्हणजे आकार वाढवण्याचे काम त्यांच्या यंत्रावर पडणार नाही. धार सर्वांत शेवटी, अंतिम आकारात, आणि बेताची. त्यानंतर अगदी बारीक दाणा सर्व चित्रावर पसरा. हे उलटे वाटेल, पण ताणलेल्या चित्राला जो मेणचट गुळगुळीतपणा येतो तो या दाण्याने झाकला जातो आणि डोळा त्यालाच तपशील समजतो. फिल्मच्या काळात आम्ही ज्या दाण्याला शिव्या देत होतो तोच आता मुद्दाम घालावा लागतो.

संशयात्मा

एआयविषयी कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. धागाकर्त्यांच्या आईंचा प्रश्न हेच त्यावरचे नेमके परीक्षण आहे. थोडा हिशेब करू. घराचा दर्शनी भाग चाळीस फुटांचा धरला आणि तो फोटोच्या रुंदीभर असला तर २०४८ पिक्सेलमध्ये एका फुटाला ५१ पिक्सेल येतात. आजींचा चेहरा आठ इंच उंचीचा धरला तर तो ३४ पिक्सेलचा झाला. दुकानदाराच्या हाती असलेल्या लहान फाइलमध्ये तो १७ पिक्सेलचाच होता. सतरा पिक्सेलमध्ये डोळा म्हणजे एक-दोन काळपट ठिपके. त्या ठिपक्यांशी जुळतील असे हजारो चेहरे असू शकतात आणि यंत्र त्यातला एक निवडते. तो निवडताना त्याला शिकवलेल्या फोटोंमध्ये जे चेहरे जास्त होते त्यांच्याकडे ते झुकते. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या 'पल्स' नावाच्या प्रणालीला बराक ओबामा यांचा लहान केलेला फोटो दिला गेला, तेव्हा तिने एका गोऱ्या माणसाचा चेहरा काढून दिला होता. ओबामांना जग ओळखते म्हणून ती चूक पकडली गेली. राजापूरच्या आजीला ओळखणारी माणसे आणखी वीस वर्षांनी किती उरतील?

माझ्या आजोबांच्या बाबतीत हे घडून गेले आहे. एका स्टुडिओने केलेल्या प्रिंटमध्ये त्यांना सरळ, शुभ्र दात आले. आजोबांचे पुढचे दोन दात पडलेले होते आणि ते हसताना तोंडावर हात धरत असत. ती प्रिंट आजही घरात आहे आणि आता धाकटी मुले त्यालाच आजोबा समजतात.

निळा_पडदा

संशयात्मा, चेहऱ्याबाबत तुमच्याशी पूर्ण सहमत आहे, परंतु सरसकट नकार देऊ नये असे मला वाटते. अपस्केल नावाचे मोफत सॉफ्टवेअर मी वापरतो. ते २०२१ मध्ये आलेल्या रिअल-ईएसआरगॅन या पद्धतीवर चालते आणि आपल्याच संगणकावर चालत असल्याने घरचे फोटो कोठे पाठवावे लागत नाहीत. कौलांच्या ओळी, कठड्याचे गज, दाराची चौकट अशा सरळ आणि पुनःपुन्हा येणाऱ्या आकारांवर ते चांगले काम करते. जांभ्यावर मात्र माझा अनुभव वाईट आहे. जांभ्याची छिद्रे त्याला कळत नाहीत आणि ते चिऱ्यांना एक तर सिमेंटचा गिलावा करते किंवा विटांसारखे सांधे पाडते. झावळ्यांची पिसे होतात. अक्षरांबद्दल तर बोलूच नका, दारावरची पाटी कोणत्या लिपीत लिहिली आहे ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

म्हणून मी दोन फाइली शेजारी तयार करतो, एक साध्या पद्धतीने वाढवलेली आणि दुसरी एआयने. दुसरी पहिलीच्या वर स्तर म्हणून ठेवून तिची तीव्रता ३०-४० टक्क्यांवर आणतो आणि माणसे, पाटी, झाडे यांवरून ती पूर्णपणे पुसून टाकतो. छपरापुरती ती राहू द्यावी. घर ओळखीचेच राहते.

संशयात्मा

छपरापुरते मान्य. मात्र प्रिंटच्या पाठीमागे पेन्सिलने तसे लिहून ठेवा, आणि सीडीवरची मूळ फाइल हात न लावता वेगळी ठेवा.

गणिती_मावशी

संशयात्मा यांच्याच हिशेबाला पुढे नेते. ३४ पिक्सेलचा चेहरा २४ इंचांच्या प्रिंटवर ०.४ इंच, म्हणजे एक सेंटिमीटर उंच येईल. करंगळीच्या नखाएवढा. ३२ इंचांवर तो साधारण तेरा मिलिमीटरचा होईल. आठ इंच रुंदी वाढवून आजी तीन मिलिमीटरने मोठ्या होणार असतील, तर मोठ्या आकाराचा हट्ट आजींसाठी आहे की भिंतीसाठी, हे एकदा भावंडांना विचारून घ्या.

फ्लेक्स_सांगली

पूर्ण प्रिंट काढण्याआधी पट्टी काढा. ज्या आकारात प्रिंट हवी त्या आकाराची फाइल तयार करायची, तिच्यातून बरोबर ६ × ४ इंचांचा तुकडा कापायचा आणि तो तुकडा साधा ६ × ४ फोटो म्हणून लॅबमधून काढायचा. अगदी थोड्या खर्चात मोठ्या प्रिंटचा खराखुरा एक कोपरा हातात येतो. पडद्यावर मोठे करून पाहण्यावर विसंबू नका, कागदावर चित्र नेहमी वेगळे दिसते.

लॅबला दोन गोष्टी बजावून सांगा. फाइल एसआरजीबी रंगात (पडद्यांच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) आहे, आणि यंत्राची आपोआप होणारी दुरुस्ती बंद ठेवा. ती चालू राहिली तर पडवीतली सावली उजळते आणि आकाश पांढरे पडते. पडदा स्वतः प्रकाश देतो आणि कागद देत नाही, त्यामुळे प्रिंट पडद्यापेक्षा काळोखी वाटते. पडद्याची उजळणी निम्म्यावर आणून मगच फोटोचा उजेड ठरवा.

जांभ्याचा_चिरा

गेल्या पंधरवड्यात जमेल तसे सर्व केले. तिन्ही फोटो हगिनमध्ये बसवले. पहिल्या दिवशी झावळ्यांची भुते झाली, नंतर झाडे वगळल्यावर जमले. छपरावर निळा_पडदा यांच्या पद्धतीने एआयचा थर ३० टक्के ठेवला. जांभ्याच्या भिंतीवर ठेवून पाहिला आणि लगेच काढला, कारण त्यांनी वर्णन केलेला गिलावा तंतोतंत तसाच झाला.

मग २४, ३२ आणि ३६ इंचांच्या फाइलींतून तोच एक तुकडा कापला, आजी आणि तिच्या मागचे दार, आणि तिन्ही तुकडे माजघराच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटवले. कोणता कोणत्या आकाराचा हे कोणाला सांगितले नाही. सहा फुटांवरून तिन्ही सारखेच ठीक वाटले. परंतु घरात आलेला प्रत्येक जण आणखी पुढे जाऊन थांबत होता, आणि तिथून ३६ चा तुकडा सर्वांनीच नापसंत केला. ३२ वर मते विभागली. आईने २४ च्या तुकड्यावर बोट ठेवून 'ही आमची' असे म्हटले. त्यामुळे २४ × १८ नक्की केले आहे. भिंत मोठी असल्यामुळे भोवती तीन इंचांचा फिकट माउंट (पुठ्ठ्याची पट्टी) घेऊन बाहेरचा आकार ३० × २४ होईल. आता कागदाविषयी सल्ला हवा. फ्रेमवाले कॅनव्हास घ्या म्हणतात.

अंधारखोली

कॅनव्हासचा खरखरीत पोत कमी तपशील झाकतो हे खरे आहे, म्हणून फ्रेमवाल्यांचा सल्ला अगदीच टाकाऊ नाही. परंतु कॅनव्हास लाकडी चौकटीवर ओढताना चारही बाजूंनी दीड-दोन इंच मागे वळवावा लागतो, आणि तुमच्या फोटोत मोभ व वृंदावन कडेलाच आहेत. शिवाय एक सेंटिमीटरच्या चेहऱ्यावर कापडाचे विणकाम उमटले तर इतका सगळा खटाटोप वाया जाईल. मॅट कागद घ्या. चकचकीत कागद समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब दाखवतो आणि प्रत्येक दोषही. शक्य असल्यास पिगमेंट (रंगकणांच्या) शाईची प्रिंट घ्या, कारण ती उजेडात अधिक टिकते.

कोकणातल्या पावसाळ्याचा विचार फ्रेम करतानाच झाला पाहिजे. प्रिंट काचेला चिकटता कामा नये, दमट हवेत ती कायमची चिकटते. माउंटच्या जाडीमुळे ते अंतर आपोआप मिळेल. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना रबराची बुचे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळेल. पश्चिमेकडची भिंत ओल धरत असेल तर ती जागा टाळा.

रोहिणी_नक्षत्र

धागा वाचून धीर आला म्हणून विचारते. माझ्या सासऱ्यांचा नोकिया ६६०० वर काढलेला एक फोटो आहे. तो मला मोठ्या दिरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि त्याचा आकार १६०० × १२०० दिसतो. मावशींच्या हिशेबाने इंचाला ८५ पिक्सेल धरले तर तो जवळजवळ १९ इंचांपर्यंत जातो. काढू का?

अंधारखोली

थोडे थांबा. नोकिया ६६०० चा कॅमेरा ६४० × ४८० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो काढूच शकत नव्हता. तेव्हा एक तर तो फोटो दुसऱ्या एखाद्या मोबाइलवरचा आहे, किंवा कोणीतरी तो मधल्या काळात वाढवला आहे. दुसरी शक्यता खरी असेल तर तुमच्याकडे आहे त्यातला बराच भाग अंदाजाने भरलेला असेल, आणि तो एआयने वाढवला असेल तर चेहराही. दिरांना याहून लहान फाइल आहे का ते विचारा आणि ती डॉक्युमेंट म्हणून मागवा. इथे लहान तीच मूळ असेल. ६४० पिक्सेलची फाइल मिळाली तर ७ × ५ ची प्रिंट आणि भोवती चांगला रुंद माउंट.

रोहिणी_नक्षत्र

दिरांना विचारले. त्यांनी वर्षश्राद्धाच्या फ्लेक्ससाठी दुकानात दिला होता, तिथून वाढवून परत आला म्हणतात. लहान फाइल नणंदेच्या जुन्या संगणकात असावी. रविवारी तिच्याकडे जाणार आहे.